प्रायमरीत मत पडतं उमेदवाराला, निवडून जातो डेलिगेट

प्रश्न असा आहे: "आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात, हे समजतं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचं तिकीट नेमकं कोण देतं? प्रायमरी जिंकली म्हणजे काय जिंकलं? हे डेलिगेट कोण असतात? आणि २०२४ मध्ये लोकांनी प्रायमरीत मतं दिली बायडेन यांना, मग उमेदवार हॅरिस कशा झाल्या?"

थोडक्यात उत्तर आधी देतो. तिकीट देतं पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन. दर चार वर्षांनी उन्हाळ्यात भरणाऱ्या या अधिवेशनात प्रत्येक राज्यातून आलेले डेलिगेट, म्हणजे प्रतिनिधी, मत देतात आणि ज्याला निम्म्याहून जास्त मतं मिळतील तो पक्षाचा उमेदवार. २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे एकूण २,४२९ डेलिगेट होते, म्हणून उमेदवारीसाठी १,२१५ लागत होते. वर्षाच्या सुरुवातीपासून जूनपर्यंत राज्याराज्यांत ज्या प्रायमऱ्या (पक्षाच्या उमेदवारीसाठीचं मतदान) आणि कॉकस (त्यासाठीच्या सभा) होतात, त्यांचं काम त्या राज्याच्या डेलिगेटांपैकी किती जण कोणाच्या बाजूने जाणार हे ठरवणं. अमुक राज्य जिंकलं, तमुक राज्य हरलं, या बातम्या दुसऱ्या दिवशी शिळ्या होतात. त्या राज्यातून किती डेलिगेट मिळाले, एवढंच हिशेबात टिकतं. मतांचं डेलिगेटांत रूपांतर करणारे नियम ज्याने नीट वाचले तो कमी मतांतही पुढे गेला आहे, आणि ज्याने वाचले नाहीत तो मोठमोठी राज्यं जिंकूनही मागे पडला आहे.

मी आयोवात राहतो. डेमोक्रॅटिक पक्षाचा कार्यकर्ता म्हणून अनेक वर्षं कॉकसच्या रात्री आमच्या प्रीसिंक्टची, म्हणजे सर्वांत लहान मतदान विभागाची, सभा चालवली आहे आणि कौंटीच्या (जिल्ह्याच्या) व राज्याच्या अधिवेशनात डेलिगेट म्हणून बसलो आहे. त्यामुळे डेमोक्रॅट्सबद्दल जे सांगतो ते आतून पाहिलेलं आहे. रिपब्लिकनांचे नियम दर निवडणुकीत वाचत आलो आहे.

आधी भारताशी असलेला मूळ फरक. महाराष्ट्रात अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी एबी फॉर्म कोणाच्या हातात पडतो यावर सगळं ठरतं, आणि तो फॉर्म पक्ष देतो. अमेरिकेत पक्षाच्या हातात असा फॉर्म नाही. बहुतेक राज्यांत प्रायमरी सरकारच घेतं: सरकारी मतदान केंद्रं, सरकारी मतपत्रिका, राज्याचा निवडणूक कायदा. इच्छुकाने त्या त्या राज्यात ठरलेल्या सह्या गोळा केल्या किंवा शुल्क भरलं, की त्याचं नाव मतपत्रिकेवर येतं. पक्षाध्यक्षाला तो आवडो वा न आवडो. डोनाल्ड ट्रम्प २०१६ मध्ये पक्षातल्या बहुतेक ज्येष्ठांच्या इच्छेविरुद्ध उमेदवार झाले ते याच दारातून. कॉकस मात्र पक्ष स्वतः घेतो. ती सभा असते. ठरलेल्या रात्री, ठरलेल्या वेळी, शाळेत किंवा चर्चच्या हॉलमध्ये जमायचं आणि तिथेच कौल द्यायचा.

या सह्यांच्या कामाकडे बाहेरचे लोक दुर्लक्ष करतात. २०१२ मध्ये व्हर्जिनियाच्या रिपब्लिकन प्रायमरीसाठी १०,००० सह्या लागत होत्या, त्यातही प्रत्येक काँग्रेस (म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या) मतदारसंघातून किमान ४००. न्यूट गिंगरिच स्वतः व्हर्जिनियात राहत होते आणि त्या काळात जनमत चाचण्यांत आघाडीवर होते, तरी त्यांच्या पुरेशा सह्या वैध ठरल्या नाहीत. मतपत्रिकेवर फक्त दोन नावं आली: मिट रॉम्नी आणि रॉन पॉल.

ही पद्धत राज्यघटनेत नाही. घटनेत पक्षांचा उल्लेखही नाही. सुरुवातीला काँग्रेसमधले त्या त्या पक्षाचे सदस्य एकत्र बसून उमेदवार ठरवत. १८२४ मध्ये त्यांनी विल्यम क्रॉफर्ड यांना निवडलं तेव्हा सभेला सदस्यच थोडे आले, त्या निवडीला कोणी मानलं नाही आणि ती पद्धत तिथेच संपली. मग आली राष्ट्रीय अधिवेशनं. पहिलं अधिवेशन १८३१ मध्ये बाल्टिमोरला अँटी-मेसॉनिक पक्षाने घेतलं, आणि पुढच्या वर्षी डेमोक्रॅट्सनी त्याच शहरात. त्यानंतरच्या सव्वाशेहून जास्त वर्षांत अधिवेशनात खरोखर सौदे होत. १९२० मध्ये शिकागोच्या ब्लॅकस्टोन हॉटेलातल्या बंद खोलीत रिपब्लिकन पुढाऱ्यांच्या बैठका झाल्या आणि वॉरन हार्डिंग दहाव्या फेरीत उमेदवार झाले. १९२४ मध्ये न्यूयॉर्कला डेमोक्रॅट्सना उमेदवार ठरवायला १०३ फेऱ्या लागल्या. त्यांचे जॉन डेव्हिस नंतर हरले.

प्रायमऱ्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्या, पण दीर्घकाळ त्यांना फारशी किंमत नव्हती. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी बहुतेक प्रायमऱ्या जिंकल्या, विद्यमान अध्यक्ष टाफ्ट यांना त्यांच्या ओहायोतही हरवलं, आणि तरी शिकागोच्या अधिवेशनाने टाफ्ट यांनाच उमेदवारी दिली. १९५२ मध्ये एस्टेस केफॉव्हर यांनी १५ पैकी १२ प्रायमऱ्या जिंकल्या. तिकीट मिळालं एकही प्रायमरी न लढलेल्या अॅडलाय स्टीव्हन्सन यांना. तेव्हा प्रायमरी ही ताकद दाखवण्याची जागा होती. जॉन केनेडी १९६० मध्ये वेस्ट व्हर्जिनियात लढले ते तिथल्या मूठभर डेलिगेटांसाठी नव्हे. प्रॉटेस्टंट राज्यात कॅथलिक उमेदवार निवडून येतो, हे त्यांना पक्षाच्या पुढाऱ्यांना दाखवायचं होतं.

हे बदललं दोन अधिवेशनांमुळे. पहिलं १९६४ चं, अटलांटिक सिटीचं. मिसिसिपीतून आलेलं डेमोक्रॅटिक शिष्टमंडळ संपूर्ण गोरं होतं, कारण तिथे कृष्णवर्णीयांना ना मतदार यादीत येऊ देत, ना पक्षाच्या सभेत. फॅनी लू हेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी काढली, स्वतःचे डेलिगेट निवडले आणि त्या जागा आमच्या आहेत असा दावा अधिवेशनाच्या समितीपुढे केला. कापसाच्या मळ्यावर राबलेल्या या बाईंनी मतदार नोंदणीच्या प्रशिक्षणातून परतताना अटक होऊन तुरुंगात झालेली मारहाण टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर सांगितली. पक्षाने तडजोड म्हणून त्यांच्या गटाला दोन जागा देऊ केल्या. त्यांनी त्या नाकारल्या. डेलिगेटांचे नियम म्हणजे कंटाळवाणी कागदपत्रं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हेमर यांची ती साक्ष जरूर ऐकावी. कोण खुर्चीवर बसणार हे ठरवणारा नियम हाच खरा मताधिकार होता, आणि तो त्यांना अचूक कळला होता. पुढे शिष्टमंडळात वंशभेद चालणार नाही असा नियम पक्षाला करावा लागला.

दुसरं १९६८ चं, शिकागोचं. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे यूजीन मॅकार्थी न्यू हॅम्पशायरमध्ये अध्यक्ष जॉन्सन यांच्या इतके जवळ पोचले की ३१ मार्चला जॉन्सन यांनी माघार घेतली. जूनमध्ये कॅलिफोर्नियाची प्रायमरी जिंकलेल्या रात्रीच रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या. आणि ऑगस्टमध्ये उमेदवारी मिळाली उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांना, जे एकाही प्रायमरीत उतरले नव्हते. बाहेर रस्त्यावर पोलीस तरुणांना झोडपत होते, आत पुढाऱ्यांनी राखून ठेवलेले डेलिगेट मतं देत होते. त्या अपमानातून सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न आणि डोनाल्ड फ्रेझर यांचा आयोग आला. डेलिगेट उघड प्रक्रियेतून, त्याच वर्षी, आधी जाहीर केलेल्या नियमांनी निवडले पाहिजेत, असं त्याने राज्य शाखांना बंधनकारक केलं. बऱ्याच राज्यांना ते पाळायचा सोपा मार्ग म्हणजे प्रायमरी घेणं. राज्यांच्या विधिमंडळांनी कायदे बदलले आणि रिपब्लिकन पक्षही त्याच वाटेने ओढला गेला. आज जी पद्धत आपण पाहतो ती १९७२ पासूनची.

आता आमच्या हॉलमध्ये या. मतांचे डेलिगेट कसे होतात ते इथल्याइतकं उघड्यावर कुठेच दिसत नाही. २०२० पर्यंत आयोवाचे डेमोक्रॅट असा कौल घेत. संध्याकाळी ७ ला दार बंद. समजा १२० लोक आले आहेत आणि आमच्या प्रीसिंक्टला कौंटी अधिवेशनाचे ६ डेलिगेट आहेत. लोक आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहतात. नियम १५ टक्क्यांचा, म्हणजे ज्या कोपऱ्यात १८ माणसं नाहीत तो गट बाद. समजा पहिल्या मोजणीत अ कडे ५२, ब कडे ३५, क कडे २० आणि ड कडे १३ आहेत. ड बाद झाला. आता त्याच्या १३ जणांनी दुसऱ्या कोणाकडे तरी जायचं किंवा घरी जायचं. पुढची दहा-पंधरा मिनिटं सगळा हॉल या १३ जणांभोवती असतो.

त्यांतले ८ जण क कडे गेले आणि ५ ब कडे, तर आकडे होतात ५२, ४०, २८. माणसं गुणिले ६, भागिले १२०. अ चे २.६ म्हणजे ३, ब चे २, क चे १.४ म्हणजे १. निकाल ३-२-१. हेच ८ जण अ कडे गेले असते तर? अ चे ६० होऊन बरोबर ३, ब चे ४० होऊन २, क २० वरच राहून १. पुन्हा ३-२-१. आठ माणसं इकडची तिकडे झाली आणि निकालात काहीच फरक नाही. पण तेच १३ च्या १३ जण क कडे गेले, तर क चे ३३ होतात. १.६५ म्हणजे २. ब चे १.७५ म्हणजे २, अ चे २.६ म्हणजे ३. बेरीज ७ झाली, जागा तर ६. मग नियम असा की वर पूर्णांक झालेल्यांपैकी ज्याचा अपूर्णांक सर्वांत लहान, त्याचा एक कमी करायचा. तो अ. निकाल २-२-२. आता पाहा, अ च्या कोपऱ्यातून एकही माणूस हललेला नाही, हॉलमध्ये सर्वांत मोठा गट अजूनही त्याचाच आहे, आणि तरी त्याची आघाडी गेली. ज्या प्रचारमोहिमेचा माणूस हातात कॅल्क्युलेटर घेऊन उभा आहे, तो ड च्या लोकांना "आमच्याकडे या" म्हणत बसत नाही. "तुम्ही कुठे गेलात तर प्रतिस्पर्ध्याचं नुकसान होतं" हे त्याला माहीत असतं.

अशा सुमारे १,७०० सभा एकाच रात्री. तिथून कौंटी अधिवेशन, मग काँग्रेस मतदारसंघाचं, मग जूनमध्ये राज्याचं. २०२० मध्ये निकाल कळवण्याचं अॅप कोलमडलं आणि दिवसेंदिवस निकाल लागेना, हे सगळ्यांनी वाचलं. त्या निकालात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळीच होती: लोकांची मतं जास्त बर्नी सँडर्स यांना आणि राष्ट्रीय डेलिगेट जास्त पीट बुटिजेज यांना, १४ विरुद्ध १२.

कॉकसवर माझा जीव आहे. शेजारी शेजाऱ्याशी समोरासमोर वाद घालतो आणि मग एकाच गाडीतून घरी जातो, हे मी इथे पाहिलं आहे. तरीही ही पद्धत सोडायला हवी होती असं माझं मत आहे. संध्याकाळी ७ ला रुग्णालयात ड्युटी असलेली नर्स, कारखान्यातला कामगार, तान्ह्या बाळाची आई यांना या सभेत जागा नव्हती. २०१६ मध्ये संपूर्ण राज्यातून आमच्या पक्षाच्या कॉकसला सुमारे १,७१,००० लोक आले. प्रायमरीत याहून कितीतरी जास्त आले असते. २०२४ मध्ये आमच्या पक्षाने टपालाने पसंती मागवली, ते योग्यच केलं.

प्रायमरीत कोपरे नसतात, गणित मात्र तेच. डेमोक्रॅटिक पक्षात सगळीकडे प्रमाणशीर वाटप आणि १५ टक्क्यांची अट. बहुतेक डेलिगेट काँग्रेस मतदारसंघानुसार वाटले जातात, आणि इथे सम-विषमचा खेळ आहे. ज्या मतदारसंघाला ४ डेलिगेट आहेत तिथे दोघांच्या लढतीत ६२ टक्के मतं मिळवणाऱ्याला २ आणि ३८ टक्केवाल्यालाही २. तिसरा डेलिगेट हवा तर ६२.५ टक्के गाठावे लागतात. ५ डेलिगेटांच्या मतदारसंघात ५१ टक्क्यांना ३-२. म्हणून शहाणी मोहीम पैसा आणि माणसं विषम आकड्याच्या मतदारसंघात ओतते, आणि ४ च्या मतदारसंघात, जिथे ३८ टक्के सहज मिळतात, तिथे हात आखडता घेते.

बराक ओबामांची २००८ ची मोहीम हे गणित कोळून प्यायली होती. ५ फेब्रुवारी २००८, एकाच दिवशी दोन राज्यं. न्यू जर्सीत अकरा लाखांहून जास्त मतदान झालं, हिलरी क्लिंटन दहा टक्क्यांनी जिंकल्या आणि त्यांना मिळाले ५९, ओबामांना ४८. आघाडी ११ ची. त्याच रात्री आयडाहोच्या कॉकसला सुमारे २१,००० लोक आले. क्लिंटन यांनी तिथे फारसं लक्ष घातलं नव्हतं. ओबामांना १५, क्लिंटन यांना ३. आघाडी १२ ची. न्यू जर्सीचं सगळं यश आयडाहोने पुसून टाकलं, वर एक डेलिगेट जास्त. टेक्सासमध्ये प्रायमरी आणि कॉकस दोन्ही होतं. तिथली प्रायमरी क्लिंटन यांनी जिंकली, पण दोन्ही धरून डेलिगेट ओबामांना जास्त मिळाले. त्या वर्षी दोघांना मिळालेली एकूण मतं जवळपास सारखी होती. फरक डेलिगेटांच्या हिशेबाने पाडला.

रिपब्लिकनांचं गणित वेगळ्या स्वभावाचं आहे. प्रत्येक राज्याला १० डेलिगेट, प्रत्येक काँग्रेस मतदारसंघामागे ३, राज्य शाखेचे ३ पदाधिकारी, आणि राज्यात पक्षाचे गव्हर्नर, सिनेटर वगैरे असतील तर बोनस. साधारण मार्चच्या मध्यापर्यंत प्रमाणशीर वाटप करावं लागतं, त्यानंतर राज्याला हवं तर जिंकेल त्याला सगळे. पण "प्रमाणशीर" मध्येही पळवाटा असतात, आणि साउथ कॅरोलायनासारख्या काही राज्यांना आधीपासून सूट होती. २०१६ मध्ये तिथे ट्रम्प यांना ३२.५ टक्के मतं पडली आणि राज्याचे सगळेच्या सगळे ५० डेलिगेट मिळाले, कारण उरलेली मतं पाच जणांत विभागली गेली. फ्लोरिडात ४६ टक्क्यांहून थोडी कमी मतं आणि सर्व ९९ डेलिगेट. प्रायमऱ्या संपल्या तेव्हा ट्रम्प यांची देशभरातली मतं सुमारे ४५ टक्के होती आणि डेलिगेट स्पष्ट बहुमताने त्यांचे. हेच उमेदवार, हीच मतं डेमोक्रॅटिक नियमांनी मोजली असती तर पहिल्या फेरीत बहुमत मिळणं फार कठीण झालं असतं.

आता डेलिगेट म्हणजे कोण. शाळेत शिकवणाऱ्या बाई, युनियनचा पदाधिकारी, निवृत्त शेतकरी, कॉलेजातला मुलगा, गावाचा महापौर. डेमोक्रॅटिक शिष्टमंडळात स्त्री-पुरुष समसमान असावे लागतात. प्रवासाचा आणि हॉटेलचा खर्च बहुतेक वेळा स्वतःचा. कित्येक जण त्यासाठी वर्गणी गोळा करतात. डेमोक्रॅटिक पक्षात आपल्या वाट्याला येणाऱ्या डेलिगेटांची नावं तपासून नापसंत नावं काढण्याचा अधिकार उमेदवाराला असतो, त्यामुळे सहसा दगाफटका होत नाही. रिपब्लिकनांकडे अनेक राज्यांत मतदान एका दिवशी होतं आणि माणसं निवडली जातात दुसऱ्याच दिवशी, राज्य अधिवेशनात. पहिल्या फेरीत तो डेलिगेट बांधील असतो ट्रम्प यांना, पण मनाने असतो त्यांचे प्रतिस्पर्धी टेड क्रूझ यांचा. २०१६ मध्ये क्रूझ यांच्या लोकांनी हेच साधायचा प्रयत्न केला होता: पहिल्या फेरीत बहुमत झालं नाही, तर दुसऱ्या फेरीत हे सगळे मोकळे होणार. त्या वर्षी कोलोरॅडोत मतदारांचा थेट कौल घेतलाच नाही. अधिवेशनांतून निवडलेले ३४ च्या ३४ क्रूझ यांच्याकडे गेले.

आमच्या आयोवात २०१२ मध्ये याहून मोठी गोष्ट घडली. रिपब्लिकन कॉकसच्या रात्री रॉम्नी ८ मतांनी जिंकल्याचं जाहीर झालं. दोन आठवड्यांनी अधिकृत निकालात रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. आणि अधिवेशनात आयोवाच्या २८ मतांपैकी २२ मतं पडली तिसऱ्या क्रमांकावरच्या रॉन पॉल यांना, कारण त्या रात्रीचा कौल डेलिगेटांवर बंधनकारक नव्हता आणि पॉल यांचे कार्यकर्ते कौल झाल्यावर घरी न जाता डेलिगेट निवडीसाठी थांबले होते. पुढे पक्षाने कौल बंधनकारक केला. २०२४ मध्ये ट्रम्प यांना ४० पैकी २०, डीसँटिस यांना ९, हेली यांना ८ आणि रामस्वामी यांना ३ मिळाले ते त्याच नियमाने.

सुपरडेलिगेट हा डेमोक्रॅट्सचा प्रकार. मॅकगव्हर्न १९७२ मध्ये ४९ राज्यं हरले, १९८० मध्ये कार्टर हरले. तेव्हा निवडून येण्याचा अनुभव असलेल्या लोकांना आवाज हवा म्हणून १९८२ मध्ये खासदार, गव्हर्नर आणि पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे सदस्य यांना आपोआप डेलिगेट केलं गेलं. २०१६ मध्ये ते एकूण मतांच्या सुमारे १५ टक्के होते आणि त्यांतले बहुसंख्य आधीच क्लिंटन यांच्या बाजूने जाहीर झाले होते, यावर सँडर्स यांच्या कार्यकर्त्यांचा राग होता. तो मला पटला होता. २०१८ मध्ये नियम बदलला: पहिल्या फेरीत निकाल अनिश्चित असेल तर सुपरडेलिगेट मत देणार नाहीत. मूळचे बेळगावचे श्री ठाणेदार मिशिगनमधून डेमोक्रॅटिक खासदार आहेत, म्हणजे तेही असे आपोआप झालेले डेलिगेट. २०२२ मध्ये त्यांनी पक्षाची प्रायमरी नऊ जणांच्या गर्दीत सुमारे २८ टक्के मतांवर जिंकली. काँग्रेसच्या प्रायमरीत डेलिगेट नसतात, मिशिगनमध्ये दुसरी फेरीही नसते; सर्वांत जास्त मतं ज्याची, तो उमेदवार.

तारखांच्या भांडणाबद्दल एवढंच सांगतो की राज्य कायदा एक म्हणतो आणि पक्ष दुसरं, तेव्हा डेलिगेटांच्या बाबतीत अखेर पक्षाचं चालतं. १९८१ मध्ये विस्कॉन्सिनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. २००८ मध्ये फ्लोरिडा आणि मिशिगन यांनी पक्षाने ठरवलेल्या तारखेआधी प्रायमरी घेतली, तर डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांचे सगळे डेलिगेट रद्द केले. पुढे मे अखेरीस समितीने प्रत्येकाला अर्धं मत देऊन तोडगा काढला. न्यू हॅम्पशायरचा तर कायदाच आहे की आपली प्रायमरी इतरांच्या किमान सात दिवस आधी झाली पाहिजे. नेवाडात २०२४ मध्ये सरकारने ६ फेब्रुवारीला प्रायमरी घेतली आणि रिपब्लिकन पक्षाने ८ तारखेला स्वतःचं कॉकस. डेलिगेट मिळणार होते फक्त कॉकसमध्ये, आणि ट्रम्प तिथे उतरले. निक्की हेली प्रायमरीत उभ्या राहिल्या, जिथे एकही डेलिगेट नव्हता. तिथेही "यांपैकी कोणीही नाही" या पर्यायाला त्यांच्याहून जास्त मतं पडली.

आता हॅरिस यांचा प्रश्न, ज्यावरून गैरसमज सर्वांत जास्त आहेत. २०२४ च्या प्रायमऱ्यांत बायडेन यांनी जवळपास सगळे डेलिगेट जिंकले होते. २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. ते डेलिगेट आपोआप हॅरिस यांचे झाले नाहीत. उमेदवाराला आपले डेलिगेट दुसऱ्याच्या नावावर करून देता येत नाहीत, तशी तरतूदच नाही. ते मोकळे झाले. १९८० मध्ये टेड केनेडी कार्टर यांचे डेलिगेट मोकळे करावेत म्हणून अधिवेशनात भांडले आणि हरले, कारण तेव्हा डेलिगेट नियमाने बांधलेला होता. त्यानंतर पक्षाने ते बंधन काढलं. ज्यांनी आपल्याला निवडून दिलं त्यांच्या भावना डेलिगेटाने सदसद्विवेकबुद्धीने व्यक्त कराव्यात, असा आजचा नियम आहे.

मग पुढे काय झालं? ज्याला उमेदवार व्हायचं होतं त्याला किमान ३०० डेलिगेटांच्या सह्या हव्या होत्या, एका राज्यातून ५० हून जास्त नाहीत. कोणीही जमवून रिंगणात येऊ शकत होतं. बायडेन यांच्या माघारीनंतर दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत बहुमताला पुरतील इतक्या डेलिगेटांनी हॅरिस यांना पाठिंबा जाहीर केला. दुसरं कोणी उरलं नाही. ओहायोच्या मतपत्रिकेसाठी उमेदवाराचं नाव कळवण्याच्या मुदतीवरून आधी वाद झाला होता, म्हणून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन मतदान झालं. हॅरिस यांना ९९ टक्के मतं मिळाली, आणि १९ तारखेला शिकागोचं अधिवेशन सुरू झालं तेव्हा उमेदवारी ठरलेली होती.

नियमाप्रमाणे हे चोख होतं. राजकीयदृष्ट्या चांगलं होतं का? माझ्या मते थोडी उघड स्पर्धा झाली असती तर पक्षाचं भलं झालं असतं. पण साडेतीन महिन्यांवर निवडणूक, आणि ज्यांनी निर्णय घ्यायचा ते लोक बायडेन-हॅरिस या जोडीसाठीच निवडून आलेले. त्यांनी जे केलं ते मला समजतं. "मतदारांना डावललं" असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की मधल्या काळात उमेदवार बाजूला झाला तर निर्णय कोणी घ्यायचा, यासाठीच डेलिगेट नावाचा हाडामासाचा माणूस ठेवला आहे. नुसता आकडा पुरला असता तर माणसं पाठवायची गरजच नव्हती.

शेवटी अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी, कारण हे मला सारखं विचारलं जातं. प्रायमरीत मत द्यायला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्डवर मत देता येत नाही. गाडीचं लायसन्स काढताना मतदार नोंदणीचा फॉर्म पुढे आला तरी सही करू नका, नागरिकत्वाचा अर्ज कायमचा अडू शकतो. नागरिक असाल तर राज्याचा नियम आधी पाहा. टेक्सास, मिशिगन, व्हर्जिनियात कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडात त्या पक्षाचे म्हणून नोंदणी असावी लागते, आणि तिची मुदत मतदानाच्या बरीच आधी संपते. २०१६ मध्ये ट्रम्प यांची मुलं इव्हांका आणि एरिक यांना वडिलांना न्यूयॉर्कच्या एप्रिलमधल्या प्रायमरीत मत देता आलं नाही, कारण पक्ष बदलण्याची मुदत आदल्या ऑक्टोबरमध्येच उलटून गेली होती.

आणि डेलिगेट व्हायची इच्छा असेल तर आपल्या कौंटीच्या पक्ष कार्यालयात निवडणुकीच्या आदल्या वर्षीच्या शरदात जाऊन विचारा. राष्ट्रीय अधिवेशनाच्या जागेसाठी झुंबड असते, पण कौंटी अधिवेशनाच्या जागा आमच्याकडे बहुतेक वेळा रिकाम्या राहतात. उत्साह ओसरतो, लोक निकाल ऐकून कोट चढवतात आणि निघतात. तेव्हा थांबून हात वर करणाऱ्याचं नाव यादीत जातं.